कोळशातला गंधक



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर कोळशाचे नाव पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. या दिवसांत आंब्याच्या मोहोराविषयी बोलावे, संतांविषयी बोलावे, ते सोडून हा काळा विषय कशाला? शिवाय लोधिवलीच्या आसपास कोळशाची एकही खाण नाही. आपल्या पायाखालचा कातळ लाव्ह्याचा, त्यात कोळसा मिळायचा नाही. तो हवा तर विदर्भात जावे लागते. तरीसुद्धा कोळशाच्या धुराचा विचार ज्या मुलुखात फार पूर्वी सुरू झाला, त्यात आपला खालापूर-कर्जतचा मुलूख मोडतो. तेव्हा विषय परका नाही.

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली आणायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. खोपोलीस वापरून झालेले पाणी पुढे पाताळगंगेत येते, म्हणून आपली नदी भर वैशाखातही वाहती असते. त्याआधी गिरण्यांची यंत्रे वाफेवर चालत आणि वाफेसाठी कोळसा जळे. मुंबईत धुराचा जाच इतका वाढला होता की १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. सह्याद्रीच्या पाण्याने त्या धुरातला काही भाग खरोखरच नाहीसा केला.

पुढे १९२९-३० च्या सुमारास कल्याण ते पुणे ही आगगाडी विजेवर धावू लागली. कर्जतहून घाट चढणाऱ्या इंजिनांचा धूर थांबला, प्रवाशांच्या डोळ्यांत कोळशाचे कण जायचे थांबले. लोकांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु ती वीज ठाकुर्लीजवळच्या चोळे येथील वीजघरातून येत असे, आणि तेथे कोळसाच जळत असे. म्हणजे घाटातला धूर ठाकुर्लीला राहायला गेला होता.

ही दोन उदाहरणे मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवली. कोळशाच्या घाणीविषयी बोलताना ती येथून गेली का, एवढेच विचारून भागत नाही. ती गेली कुठे, हेही विचारावे लागते. आज त्या घाणीतल्या एकाच पदार्थाचा, म्हणजे गंधकाचा, माग आपण काढू. खाणीतून निघालेला कोळसा धुतात म्हणजे काय करतात, त्यात गंधक किती जातो, किती उरतो, आणि गेलेला कुठे जातो, एवढा हा विषय आहे.

धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध कायदा लवकर झाला. गंधकाचा वायू दिसत नाही. गंधक जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. फटाक्यांच्या धुराने नाक-घसा चरचरतो, त्यात त्याचा हात असतोच. हाच वायू हवेत फिरता फिरता पाण्याच्या अंशाशी मिळून आम्ल बनतो आणि पुढे त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. लंडन शहरावर डिसेंबर १९५२ मध्ये चार-पाच दिवस धुके आणि कोळशाचा धूर कोंडून राहिला, तेव्हा त्या वेळच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या कोंडलेल्या हवेत काजळी होती आणि गंधकाचा वायूही होता.

लोहारकामातल्या मंडळींना गंधकाचे दुसरे वैर ठाऊक असेल. लोखंडात गंधक शिरला तर तापलेले लोखंड घणाखाली चिरते. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवले. त्याच्या यशाचे एक कारण असे देतात की त्याच्या भागातला कोळसा कमी गंधकाचा होता. कोळसा निवडून घ्यावा, धुऊन घ्यावा, ही निकड प्रथम वाटली ती लोखंडवाल्यांना. आपल्याकडेही तसेच घडले. पश्चिम बोकारो आणि जामाडोबा येथील धुलाईचे कारखाने १९५१-५२ च्या सुमारास उभे राहिले ते पोलादाच्या भट्टीसाठी. करगली, दुगडा, भोजुडीह, पाथरडीह ही नावे त्यामागून आली. तेथे मुख्य शत्रू राख होता. फुप्फुसांचा विचार पुष्कळ उशिरा आला.

आता गंधक कोळशात असतो तरी कसा? एका रूपात असता तर आजचे व्याख्यान पाच मिनिटांत संपले असते. तो मुख्यतः दोन रूपांत असतो. तिसरे रूप सल्फेटचे, पण ताज्या कोळशात ते इतके थोडे असते की आज ते बाजूला ठेवू.

पहिले रूप पायराइट या खनिजाचे. लोखंड आणि गंधक यांचे हे संयुग. त्यात वजनाने निम्म्याहून थोडा अधिक गंधक आणि बाकी लोखंड. पितळेसारखे पिवळे चमकते, म्हणून इंग्रज लोक त्याला मूर्खांचे सोने म्हणत. आपल्या रसवैद्यांनी ज्यांना माक्षिक म्हटले त्या खनिजांचे हे भावंड. कोळशाच्या ढेपेत ते कधी बोटभर जाडीच्या पट्टीसारखे असते, कधी भेगेत पापुद्र्यासारखे चिकटलेले, आणि कधी इतक्या बारीक कणांचे की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

दुसरे रूप सेंद्रिय. यात गंधकाचा वेगळा कण असा नसतोच. कोळसा ज्या रेणूंचा बनला त्या रेणूंतच गंधक गुंतलेला असतो. तांदळातला खडा आणि तांदळातले पिष्ट यांत जो फरक, तोच या दोन रूपांत आहे. खडा निवडता येतो. पिष्ट निवडून काढतो म्हणणाऱ्याने तांदूळच टाकावा.

हा गंधक आला कुठून? बऱ्याच अंशी समुद्रातून. प्राचीन काळी दलदलीत झाडे कुजत पडली, त्यांच्यावर समुद्राचे खारे पाणी चढले की त्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू गंधकाचा वायू तयार करीत. तो लोखंडाला भेटला तर पायराइट होई, आणि कुजणाऱ्या वनस्पतीत मुरला तर सेंद्रिय गंधक होई. आसामातल्या माकूम-लेडोकडच्या कोळशाला असा समुद्राचा शेजार मिळाला. त्यात दोन ते पाच टक्के आणि कधी त्याहूनही अधिक गंधक असतो. आपला चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठीचा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातला. तो गोड्या पाण्याच्या खोऱ्यांत साठला. म्हणून त्यात गंधक साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मात्र नद्यांनी पाल्यापाचोळ्याबरोबर मातीही आणून टाकली, म्हणून त्यात राख भरपूर, शंभरात तीस-चाळीस भागांपर्यंत.

असो. आता धुलाईकडे वळू. येथे मला शेतकरी बंधूंची मदत होणार आहे, कारण कोळसा धुण्याची विद्या त्यांच्या हातात पूर्वीपासून आहे. खरिपाच्या आधी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकण्याची शिफारस आपल्याकडे केली जाते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, बियाणे ओतायचे, ढवळायचे आणि थोडे थांबायचे. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरलेले दाणे तळाला बसतात, ते स्वच्छ पाण्याने धुऊन सुकवून पेरायचे. साध्या पाण्यापेक्षा मिठाचे पाणी थोडे जड, म्हणून साध्या पाण्यात जो अर्धवट भरलेला दाणा बुडाला असता तोही यात वर येतो. पाण्याचा जडपणा आपण ठरवायचा, आणि त्यावरून बुडणारे कोण व तरंगणारे कोण हे ठरते.

कोळशाची गोष्ट नेमकी हीच, फक्त उलटी. येथे तरंगतो तो चांगला आणि बुडतो तो टाकाऊ. चांगला कोळसा पाण्याच्या सुमारे १.३ पट जड. दगड सुमारे अडीच पट. पायराइट जवळजवळ पाचपट. तेव्हा पाण्याच्या दीडपट जड असा द्रव केला की कोळसा वर आणि बाकी खाली. दीडपट जडपणा मिठाने येत नाही. त्यासाठी मॅग्नेटाइट नावाच्या लोखंडी खनिजाची अतिशय बारीक पूड पाण्यात कालवतात. काम झाल्यावर ती पूड लोहचुंबकाने ओढून परत घेतात आणि पुन्हा वापरतात. दुसरी एक रीत जिग नावाच्या यंत्राची. चाळणीवर कोळशाचा थर पसरून खालून पाण्याचे हिसके द्यायचे, म्हणजे जड कण हळूहळू खाली सरकतात आणि हलके वर राहतात. सोनारांच्या पेढीतली माती धुऊन सोन्याचा कण शोधणारा झारेकरी जे करतो, तेच हे मोठ्या मापाने.

पायराइट सर्वांत जड. मग ते सर्वांत आधी बुडायला हवे. सुटे असेल तर बुडतेच. प्रश्न सुटे असण्याचा आहे. कोळशाच्या मुठीएवढ्या ढेपेत पायराइटचा मोहरीएवढा कण रुतला असेल, तर द्रवाला दिसते ती ढेप. ती एकंदरीने हलकी असली की तो कण पोटात घेऊन वर तरंगते आणि चांगल्या कोळशाच्या राशीत जाऊन पडते. म्हणून धुण्यापूर्वी कोळसा फोडावा लागतो. जितका बारीक फोडाल तितके पायराइट सुटे होईल.

मग पीठच का करू नये? कारण पिठाला पाण्यातून वेगळे करणे अवघड आणि सुकवणे त्याहून अवघड. बारीक कण इतके सावकाश बुडतात की वजनाचा भेद कामास येत नाही. तेथे फेसाची रीत वापरतात. पाण्यात थोडे तेल आणि फेस आणणारे द्रव्य घालून खालून हवा सोडतात. कोळशाला पाणी चिकटत नाही, बुडबुडा चिकटतो, म्हणून कोळसा फेसाबरोबर वर येतो. मातीला पाणी चिकटते, ती खाली राहते. ही रीत राखेवर चांगली चालते. पायराइट मात्र येथे दगा देते. त्याच्या पृष्ठभागालाही बुडबुडा बऱ्यापैकी चिकटतो, आणि पाचपट जड असलेले हे खनिज फेसावर स्वार होऊन कोळशाच्या पंगतीत येऊन बसते. त्याला खाली ठेवण्यासाठी निराळी द्रव्ये घालावी लागतात, किंवा एकदा तरंगवलेला कोळसा खाली दाबून पायराइटच वर काढावे लागते. हे सारे होऊ शकते, पण प्रत्येक पायरीला खर्च आहे.

एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. शंभर टन कोळसा घ्या. त्यात तीन टन गंधक आहे, दोन टन पायराइटचा आणि एक टन सेंद्रिय. तो फोडून धुतला. पंधरा टन बुडीत माल निघाला आणि त्याबरोबर पायराइटातला निम्मा गंधक गेला. सेंद्रिय गंधक कोळशाच्या अंगातच असल्यामुळे जवळजवळ सगळा राहिला. आता पंच्याऐंशी टन धुतलेल्या कोळशात सुमारे दोन टन गंधक उरला. टक्केवारी पाहिली तर ती तीनवरून केवळ २.३ च्या आसपास आली. एखादा म्हणेल, एवढा खटाटोप करून फळ एवढेच? पण बुडालेला माल मुख्यतः दगड होता, उष्णता बहुतेक सगळी शिल्लक आहे. तेवढ्याच उष्णतेमागे गंधक तीन टनांवरून दोन टनांवर आला, म्हणजे एक तृतीयांश कमी झाला. म्हणून कोळशातला गंधक टनावर न मोजता उष्णतेवर मोजावा. हाच हिशेब सर्व गंधक सेंद्रिय असलेल्या कोळशाला लावून पाहा. धुलाईने त्यात काहीही पडत नाही. आसामच्या कोळशात मोठा वाटा सेंद्रिय गंधकाचा असल्यामुळे, देशातला सर्वांत गंधकी कोळसा धुण्याला सर्वांत कमी दाद देतो. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया, इलिनॉय या भागांतल्या कोळशात पायराइटचा वाटा मोठा आहे. तेथे धुलाईने खरोखर गंधक उतरतो, आणि म्हणून तेथे ही विद्या पुष्कळ वाढली.

तेव्हा कोणी आपणास सांगितले की आमचा कोळसा धुतलेला आहे, तर ते ऐकून घ्यावे आणि पुढचा प्रश्न विचारावा: त्यात गंधक कोणत्या रूपाचा होता?

आता आपल्या विदर्भाच्या कोळशाकडे येऊ. त्यात गंधक कमी असतो, असे जे सांगतात ते खरे आहे. परंतु अर्धा टक्का हा शब्द ऐकायला जितका लहान, तितका तो वजनाला लहान नाही. पाचशे मेगावॉटचा एक संच दिवसरात्र पूर्ण चालला तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाचा कोळसा ८,४०० टन. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४२ टन गंधक. गंधक जळला की वजन दुप्पट होते, कारण तेवढाच ऑक्सिजन त्याला मिळतो. म्हणजे दिवसाला सुमारे ८४ टन वायू, एका संचातून. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पुढचा गुणाकार आपण घरी करावा.

आणि येथे धुलाईचा हात किती पोहोचतो? अर्ध्या टक्क्यातला निम्मा पायराइटचा धरला आणि त्यातला निम्मा पाण्याने काढला, तरी एक चतुर्थांश गेला आणि तीन चतुर्थांश चिमणीकडे निघाला. आपल्या कोळशाची धुलाई व्यर्थ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे मोठे फळ राखेत आहे. चाळीस टक्के राखेचा कोळसा दूर नेणे म्हणजे पाच वाघिणींमागे दोन वाघिणी दगडांच्या ओढणे. दगड गेला की चक्क्या कमी झिजतात आणि राखेची तळी कमी भरतात. या विचारानेच १९९७ च्या नियमाने खाणीपासून हजार किलोमीटरांहून दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा वापरण्यास मनाई केली. पुढे अंतराची अट कमी केली गेली, आणि मे २०२० मध्ये हे बंधनच उठवण्यात आले. तेव्हा दिलेले एक कारण आपल्या आजच्या विषयाशी थेट जुळते. धुलाईने राख नाहीशी होत नाही, ती धुलाईच्या जागी टाकाऊ मालात राहते, असा तो युक्तिवाद होता.

युक्तिवादातले निरीक्षण बरोबर आहे. धुतलेल्या कोळशाची वाघीण निघून जाते आणि बुडीत माल वॉशरीच्या आवारात उरतो. कोळशाच्या व्यवहारात त्याला रिजेक्ट म्हणतात. त्यात दगड असतो, चुकून बुडालेला कोळसा असतो, आणि जेवढे पायराइट सुटले तेवढे सगळे असते. म्हणजे चांगली धुलाई जितकी अधिक, तितका हा ढीग अधिक गंधकी. पायराइट जमिनीखाली कोटी वर्षे निमूट पडून होते, कारण त्याला हवा मिळत नव्हती. उघड्यावर पडले, त्यावर पाऊस आला, की त्याचे गंधकाम्ल होऊ लागते, आणि काही जिवाणू हे काम कितीतरी झपाट्याने करतात. ढिगाखालून गंजासारखे पिवळे-तांबडे पाणी झिरपू लागते. ते आंबट असते आणि दगडातले धातू विरघळवून बरोबर नेते. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळशाच्या खाणींखालच्या नद्यांचे पाणी अशा आम्लाने बिघडले, त्यांतले मासे गेले, हे सर्वश्रुत आहे. शिवाय ही क्रिया उष्णता देणारी असल्यामुळे ढीग आतून तापतो, पेटायला मदत होते, आणि चिमणीतून जाऊ नये म्हणून काढलेला गंधक चिमणीशिवायच हवेत जातो. ठाकुर्लीची गोष्ट येथे पुन्हा आठवते.

मग रिजेक्टचे करावे काय? पहिला उपाय साधा आहे. ढिगाखाली पाणी न मुरणारी जमीन करावी, ढीग दाबून बसवावा म्हणजे हवा आत जात नाही, वर मातीचा थर द्यावा, भोवती चर काढून पाणी एका कुंडात आणावे आणि चुन्याने त्याचे आम्ल मारावे. यात मोठे शास्त्र नाही, शिस्त मात्र रोजची हवी. दुसरा उपाय असा की रिजेक्टमधला उरलेला कोळसा वाया न घालवता अशा भट्टीत जाळावा, जिच्यात इंधन वाळूसारखे हवेवर उकळत राहते आणि त्याबरोबर चुनखडीची भरड टाकता येते. चुनखडी गंधकाला धरून ठेवते आणि तो वायूऐवजी जिप्समसारख्या राखेत उतरतो. तिसरा विचार पायराइट हाच माल समजण्याचा. आपल्या देशात गंधकाचे साठे फार थोडे. म्हणून १९६० च्या सुमारास बिहारात आमझोर येथे पायराइटच खणून त्यापासून गंधकाम्ल व खत करण्याचा सरकारी उद्योग उभारला गेला. पुढे तो बंद पडला. परंतु एकीकडे जे खणून काढायला आपण पैसे मोजले, तेच दुसरीकडे पावसात भिजत टाकले, एवढे त्या इतिहासातून ध्यानात यावे.

राहिला तो गंधक, जो पाण्याने सुटलाच नाही. तो चिमणीपाशी अडवता येतो. आपल्या शेजारीच त्याचे उदाहरण आहे. ट्रॉम्बे येथील वीजकेंद्राच्या पाचव्या संचाला १९८० च्या दशकात समुद्राच्या पाण्याने वायू धुण्याची सोय बसवली, आणि देशात ती पहिली समजली जाते. समुद्राचे पाणी थोडे क्षारधर्मी असते, ते गंधकाचा वायू शोषून त्याचे सल्फेट करते, आणि सल्फेट समुद्रात मुळातच भरपूर आहे. डहाणूच्या वीजकेंद्राला अशीच सोय २००७ साली बसली. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यात लोकांनी न्यायालयापर्यंत जाऊन, आणि पुढे नेमलेल्या प्राधिकरणापुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ती मिळवली. चंद्रपुराला समुद्र नाही. तेथे चुनखडीच्या कालवणाने वायू धुवावा लागतो, त्याला खर्च अधिक येतो.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांना गंधकवायूची मर्यादा प्रथमच घालून दिली. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली. तिने राजधानी परिसराजवळच्या आणि दहा लाखांहून मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांना बंधन कायम ठेवले, प्रदूषणग्रस्त भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक तपासून घ्यायचे ठरवले, आणि बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य, केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर सूट दिली. सूट देणाऱ्यांचे म्हणणे असे की आपला कोळसा कमी गंधकाचा आहे आणि हवेत या वायूचे प्रमाण मर्यादेतच आढळते. विरोधकांचे म्हणणे असे की वायू वायूच्या रूपात राहत नाही, शेकडो किलोमीटर जाऊन सूक्ष्म कण बनतो आणि कणांच्या मोजमापात सापडतो. दोन्ही बाजू मी आपणापुढे ठेवल्या. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. उंच चिमणीने गंधक कमी होत नाही, तो दूर जातो. दूर कुठे तरी माणसेच राहतात.

आता कोणी विचारील, या सगळ्यात लोधिवलीच्या माणसाने काय करावे? आपण खाणवाले नाही, वीजवाले नाही. परंतु आपल्या अवतीभवती, पाताळगंगेच्या काठी, रसायनीकडे, खोपोलीकडे, कारखाने आहेत. कुठे कोळसा जळत असेल, कुठे उद्या जळेल. २०१२ पासून आपल्या देशात दगडी कोळशाची प्रत त्याच्या उष्णतेवर ठरते, सतरा प्रती आहेत. त्या प्रतींत गंधकाला स्थान नाही. ज्याची किंमत कागदावर नाही त्याची चौकशी व्यापारी सहसा करीत नाही. ती चौकशी नागरिकाने केली पाहिजे, ग्रामसभेत, जनसुनावणीत, जिथे संधी मिळेल तिथे. कोळसा कोणता आणि उष्णतेमागे गंधक किती? त्यातला पायराइटचा किती, आणि तो जाळण्याआधी काढला काय? काढला तर तो कुठे ठेवला, आणि उरला तो चिमणीपाशी अडवला काय? हे तीन प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मिठाच्या पाण्यात भात टाकणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचे मर्म चांगले कळते. वर आलेला पोचट दाणा तो शेतात परत टाकीत नाही, आणि तळाशी बसलेल्याची निगा राखतो.

कोळसा उगाळावा तितका काळा, असे आपण म्हणतो. धुवावा तितका मात्र तो थोडा उजळतो, आणि तेवढ्यासाठी धुणे योग्यच आहे. धुण्याचे पाणी कुठे जाते, हे पाहण्याचे काम मात्र यंत्राचे नाही, ते आपले आहे.